यंत्राचे कोटेशन मागवण्याआधी : उत्पादन-प्रणालीच्या रचनेच्या चौकटी

नव्या उत्पादनाची ऑर्डर मिळाली की बहुतेक कारखान्यांत सर्वांत आधी टेबलावर येते ते यंत्राचे कोटेशन. कोणते मशिनिंग सेंटर घ्यायचे, किती दिवसांत मिळेल, कर्ज किती काढावे लागेल यावर बैठका होतात. मग ते यंत्र शेडमध्ये कुठे मावेल ते पाहिले जाते, त्यानंतर माल कुठून येईल आणि कुठे साठेल याची सोय लावली जाते, आणि सर्वांत शेवटी, यंत्र चालू झाल्यावर, त्याच्यापुढे कोण उभे राहील, बिघाड झाला तर तो कोणाला सांगेल आणि दिवसभराचे आकडे कुठे भरले जातील हे ठरते. यांतला प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा असू शकतो. तरीही पुढे तोच कारखाना अर्धवट तयार मालाच्या ट्रॉल्यांनी भरून जातो, महागडे यंत्र एकीकडे धावत असते आणि ग्राहकाला मात्र माल उशिरा पोहोचतो, कारण निर्णय घेण्याचा क्रमच उलटा लागलेला असतो. उत्पादन-प्रणालीची रचना कशी करावी यासाठी गेल्या पाच दशकांत ज्या ‘आर्किटेक्चर फ्रेमवर्क’ म्हणजे रचना-चौकटी तयार झाल्या, त्यांचे खरे काम हा क्रम सरळ करण्याचे आहे, असे माझे मत आहे. त्यांतल्या आकृत्या, घन, थर आणि लघुनामे पाहून गोंधळायला होते. म्हणून या लेखात सगळ्या चौकटींची यादी देण्याऐवजी दोन चौकटींपाशी थोडे थांबू आणि बाकीच्यांचा उल्लेख गरजेपुरता करू.

चौकट म्हणजे कारखान्याचा नकाशा नव्हे. नकाशा एका विशिष्ट कारखान्याचा असतो. कोणत्याही कारखान्याची रचना करताना कोणते प्रश्न, कोणाच्या वतीने आणि कोणत्या क्रमाने विचारायचे हे चौकट सांगते. ‘आयएसओ/आयईसी/आयईईई ४२०१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक ही गोष्ट नेमकेपणाने मांडते. कोणत्याही प्रणालीशी अनेकांचा संबंध असतो आणि प्रत्येकाची काळजी वेगळी असते. मालकाला गुंतवलेल्या पैशाचा परतावा हवा असतो, मेंटेनन्सच्या माणसाला मोटारीपर्यंत हात पोहोचायला हवा असतो, क्वालिटी विभागाला खराब जॉब (यंत्रावर घडवला जाणारा नग) कोणत्या पाळीत निघाला ते शोधता यायला हवे असते, आणि ऑपरेटरला दिवसाअखेरीस पाठ शाबूत हवी असते. या सगळ्या काळज्या एकाच चित्रात दाखवायला गेले की चित्र कोणालाच वाचता येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या काळजीसाठी पाहण्याची एक जागा ठरवायची, तिथून दिसणारे चित्र वेगळे काढायचे, आणि ही चित्रे परस्परांशी जुळतात की नाही ते तपासायचे, ही या मानकामागची कल्पना आहे. ती ऐकायला साधी वाटते, पण प्रत्यक्षात ले-आउटचे चित्र सिव्हिल कंत्राटदाराकडे, वायरिंगचे चित्र इलेक्ट्रिशियनकडे आणि माणसांच्या कामाचे चित्र कोणाकडेच नाही, अशी स्थिती नेहमी आढळते.

पार्श्वभूमी थोडक्यात

या विचाराची एक जुनी मुळी अमेरिकी हवाई दलाच्या १९७०च्या दशकातील ‘आयकॅम’ या कार्यक्रमात सापडते. विमाने बनवणाऱ्या अनेक कंपन्यांना एकमेकींच्या कामाची पद्धत समजावी म्हणून तिथे ‘आयडेफ-शून्य’ ही चित्रलिपी घडवली गेली. तिचा आधार डग्लस रॉस यांनी विकसित केलेली रचनापद्धती हा होता. या चित्रलिपीत प्रत्येक काम एका चौकोनाने दाखवतात. डावीकडून आत येते ते काम ज्यावर करायचे ती वस्तू, उजवीकडून बाहेर पडते ते फलित, वरून येते ते नियम किंवा ड्रॉइंग, आणि खालून येते ते काम करणारे यंत्र किंवा माणूस. एका पानावर तीन ते सहाच चौकोन काढायचे आणि त्यांपैकी प्रत्येक चौकोन पुढच्या पानावर उलगडायचा, असा दंडक आहे. ‘काय करायचे’ आणि ‘कोण करणार’ या दोन गोष्टी या चौकोनाच्या दोन वेगळ्या बाजूंना बांधल्या आहेत, हे लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या चौकटींत तोच भेद पुन्हा पुन्हा येतो.

१९८०च्या दशकात संगणकाने सगळा कारखाना जोडून टाकायचा, अशी मोठी हवा होती. युरोपीय समुदायाच्या ‘एस्प्रिट’ या संशोधन कार्यक्रमातून ‘सिमोसा’ ही चौकट आली. ती प्रणालीकडे कार्य, माहिती, साधने आणि संघटना या चार अंगांनी पाहते, आणि सर्व उद्योगांना लागू पडणाऱ्या सर्वसाधारण ठोकळ्यांपासून एका विशिष्ट कारखान्यापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरते. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात गी दुमॅन्ग्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राय’ ही पद्धत मांडली. तिचा रोख निर्णयांवर आहे : कोणता निर्णय किती पुढचा काळ डोळ्यांसमोर ठेवून घेतला जातो आणि तो किती दिवसांनी पुन्हा तपासला जातो, याचा तक्ता ती करायला लावते. खरेदी विभाग तीन महिन्यांचा विचार करून महिन्यातून एकदा कच्चा माल मागवत असेल आणि उत्पादन विभाग दर सोमवारी वेळापत्रक बदलत असेल, तर दोघांत भांडण का होते ते या तक्त्यात एका नजरेत दिसते. मला स्वतःला ही पद्धत लहान उद्योगांसाठी फार उपयोगी वाटते, कारण तिला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. पुढे १९९०मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संयुक्त कृतिगटाने उपलब्ध चौकटींची तुलना सुरू केली. त्यातून ‘जेराम’ ही सर्वसमावेशक मांडणी झाली आणि २०००मध्ये ‘आयएसओ १५७०४’ या मानकात तिला स्थान मिळाले. या तुलनेत असलेली तिसरी चौकट अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठातून आली होती, आणि आपल्याला पहिला मुक्काम तिथे करायचा आहे.

पर्ड्यू चौकट : माणसाची जागा दाखवणाऱ्या तीन रेषा

थिओडोर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली पर्ड्यू विद्यापीठ आणि अनेक उद्योग यांच्या सहकार्याने ‘पर्ड्यू एंटरप्राइझ रेफरन्स आर्किटेक्चर’, संक्षेपाने ‘पेरा’, ही चौकट १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आकाराला आली आणि १९९२मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा कणा म्हणजे कारखान्याचे आयुष्य. उद्योगाचे ध्येय आणि धोरण ठरवणे, गरजा लिहून काढणे, कार्यांची रचना, तपशीलवार रचना, उभारणी, आणि मग प्रत्यक्ष उत्पादन असे टप्पे एकाखाली एक येतात. गरजा लिहिताना त्यांचे दोनच गट केले जातात : वस्तूवर प्रत्यक्ष प्रक्रिया करण्याची कामे आणि माहिती गोळा करून नियंत्रण ठेवण्याची कामे. या टप्प्यावर यंत्र कोणते आणि माणूस कोण हा विषय मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो. ‘बोअरचा (कोरलेल्या भोकाचा) व्यास दर जॉबला मोजला गेला पाहिजे’ ही गरज झाली. तो गेजने मोजायचा की सेन्सरने, हा पुढचा प्रश्न.

हा पुढचा प्रश्न आला की दोन गटांचे तीन भाग होतात. एका कडेला माहितीची यंत्रणा, दुसऱ्या कडेला उत्पादनाची साधने, आणि दोहोंच्या मध्ये माणसे व त्यांची संघटना. या मधल्या पट्ट्याची रुंदी किती असावी हे सांगण्यासाठी पर्ड्यूच्या मंडळींनी तीन रेषा कल्पिल्या. पहिली रेषा स्वयंचलनाच्या शक्यतेची : आजच्या तंत्रज्ञानाने जास्तीत जास्त किती कामे यंत्राकडे देता येतील, याची मर्यादा ती दाखवते. दुसरी रेषा माणसाच्या शक्यतेची : वेग, ताकद, नजर, प्रतिक्रिया देण्याचा काळ या बाबतींत माणसाला जास्तीत जास्त किती कामे झेपतील, याची मर्यादा. या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी तिसरी रेषा आखायची असते, ती प्रत्यक्ष स्वयंचलनाची. पहिल्या दोन रेषा तंत्राने आणि शरीराने ठरतात. तिसरी मात्र पैसा, उपलब्ध कौशल्ये, कायदे, कामगारांशी असलेले संबंध आणि समाजाची अपेक्षा यांच्या आधारे माणसांनी ठरवायची असते. गरजा पुऱ्या होत असतील तर कार्याच्या दृष्टीने ही रेषा थोडी इकडे किंवा तिकडे सरकल्याने काही बिघडत नाही, असेही ही चौकट स्पष्ट सांगते.

हे उदाहरणाने पाहू. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराचे मशीन शॉप आहे, अशी कल्पना करा. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, पंपाच्या बॉडीचे कास्टिंग येते. त्याची तपासणी, फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), बोअरिंग (भोक नेमक्या मापाचे करणे), ड्रिलिंग-टॅपिंग (भोके पाडून आटे घालणे), धुणे, गळतीची चाचणी आणि पॅकिंग एवढी कामे इथे होतात. दोन पाळ्यांत मिळून कामाचे ९०० मिनिटे मिळतात आणि ग्राहकाला रोज ४५० नग हवे आहेत. म्हणजे दर दोन मिनिटांना एक नग बाहेर पडला पाहिजे. उत्पादन क्षेत्रात या ठोक्याला ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात. आता कास्टिंगचे वजन १८ किलो धरले, तर एका पाळीत २२५ नग उचलणाऱ्या माणसाच्या हातांतून चार टनांहून अधिक लोखंड जाते, आणि तेही एकदाच उचलले तर. हे काम माणसाच्या शक्यतेच्या रेषेपलीकडे जाते. तिथे होइस्ट किंवा रोलर कन्व्हेयर लागणारच. गळतीच्या चाचणीचेही तसेच : दाब किंचित घसरला हे कानाला किंवा डोळ्याला कळत नाही, ते मापकानेच कळते. उलट, कास्टिंगच्या आतल्या वळणावरचे ब्लो-होल (ओतताना राहिलेली पोकळी) चालण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्यासाठी कॅमेऱ्याची यंत्रणा बसवता येते, पण फाउंड्रीकडून येणारा माल दर खेपेला वेगळा असेल तर ती यंत्रणा सतत शिकवत बसावी लागते, आणि अनुभवी तपासनिसाची नजर अजूनही स्वस्त व भरवशाची ठरते. फेसिंग, बोअरिंग आणि जॉब चढवणे-उतरवणे ही कामे दोन रेषांच्या मधली आहेत. तिथे रोबो घ्यायचा की माणूस ठेवायचा, हा प्रश्न खुल्या चर्चेचा आहे. आणि ती चर्चा यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावरून सुरू होऊ नये, एवढीच या चौकटीची अपेक्षा आहे.

या रेषांचे महत्त्व मला याच्यासाठी वाटते की बहुतेक कारखान्यांत माणसाच्या वाट्याला येते ते उरलेले काम. यंत्राला जे जमत नाही ते ऑपरेटरने करायचे, मग ते विसंगत तुकड्यांचे का असेना : दोन जॉब चढव, एक गेज लाव, चिप्स झाड, मध्येच लॉगशीट भर. असे काम धड शिकवता येत नाही, धड मोजता येत नाही आणि त्यात चूक झाली की दोष मात्र माणसाचा. पेरा या चौकटीत माणसांची रचना हा बाकी दोहोंच्या बरोबरीचा, सुरुवातीपासून कागदावर उतरवायचा भाग आहे.

पायऱ्यांचा मनोरा

पर्ड्यूच्याच कामातून आलेली दुसरी कल्पना मात्र कितीतरी अधिक प्रसिद्ध झाली. नियंत्रणाची कामे पायऱ्यांत मांडायची : शून्याव्या पायरीवर प्रत्यक्ष प्रक्रिया, पहिलीवर ती जाणणारे सेन्सर आणि हलवणारे मोटार-व्हॉल्व्ह, दुसरीवर देखरेख आणि नियंत्रण, तिसरीवर शॉप फ्लोअरचे संचालन, आणि चौथीवर व्यवसायाचे नियोजन. आजच्या भाषेत दुसऱ्या पायरीवर स्काडा (यंत्रांवर देखरेख ठेवणारी संगणक-प्रणाली), तिसरीवर एमईएस (शॉप फ्लोअरचे काम चालवणारे सॉफ्टवेअर) आणि चौथीवर ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब अशा सगळ्या व्यवसायाचे सॉफ्टवेअर) येते. पायऱ्या वेगळ्या करण्याचे कारण काळाच्या मापात आहे. चौथ्या पायरीवर महिने, आठवडे आणि दिवस यांचा हिशेब चालतो. तिसरीवर पाळी, तास आणि मिनिटे. खाली सेकंद आणि त्याहूनही लहान तुकडे. टॅप (आटे पाडणारे हत्यार) तुटण्याच्या बेतात असताना ते फिरवणारा स्पिंडल थांबवण्याचा निर्णय ईआरपीकडे विचारायला पाठवता येत नाही, आणि पुढच्या तिमाहीत किती कास्टिंग मागवायचे हे पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला, ठरवता येत नाही.

तिसरी आणि चौथी पायरी यांच्यामधली देवाणघेवाण हा नेहमीच तंट्याचा विषय असतो. २०००पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘आयएसए-९५’ या मानकाने, जे पुढे ‘आयईसी ६२२६४’ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले, या सीमेवरून जाणारी माहिती चार प्रकारांत बसवली : वस्तू कशी बनवायची, आपल्याकडे बनवण्याची क्षमता किती आहे, काय आणि केव्हा बनवायचे, आणि प्रत्यक्षात काय बनले. आपल्या पंपाच्या कारखान्यात ईआरपी घ्यायचे ठरले, तर सॉफ्टवेअर विक्रेत्याशी पहिल्या बैठकीआधी या चार मथळ्यांखाली एकेक पान लिहून पाहावे. ‘प्रत्यक्षात काय बनले’ या पानावर रिजेक्शनची कारणे कोण आणि केव्हा नोंदवणार, हे लिहिताना पेन अडखळले, तर ती अडचण कोणतेही सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

या मनोऱ्याचा एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. पायऱ्या म्हणजे खात्यांची उतरंड नव्हे, आणि माहितीने प्रत्येक पायरी चढूनच वर जावे, असा नियमही तिच्यात नाही. सध्या विल्यम्स यांचे काम बहुतेकांच्या कानावर येते ते नेटवर्क सुरक्षेच्या संदर्भात. इराणच्या युरेनियम समृद्धी केंद्रातील नियंत्रकांवर हल्ला करणारा ‘स्टक्सनेट’ हा विषाणू २०१०मध्ये उघडकीस आल्यावर कारखान्याचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे यांच्यात भिंत असली पाहिजे, हे सर्वांना पटू लागले. ती भिंत कुठे बांधायची हे दाखवायला पर्ड्यूच्या पायऱ्या सोयीच्या ठरल्या. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये ‘साडेतीन’ नावाचा एक मोकळा पट्टा त्यात जोडला गेला. उपयोग चांगलाच आहे. पण त्या आकृतीखाली पर्ड्यूचे नाव लिहिणाऱ्या किती जणांना माणसाच्या जागेच्या त्या तीन रेषा ठाऊक असतील, अशी शंका मला येते.

सर्वांत वर काय हवे, ते आधी

पेरा ही चौकट टप्पे सांगते, पण एका टप्प्यावर चांगली रचना आणि वाईट रचना यांत फरक कसा करायचा हे ती फारसे सांगत नाही. तो प्रश्न मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमधील नाम सुह यांनी हाताळला. त्यांच्या सिद्धान्तात एका बाजूला ‘काय साधायचे’ याची यादी आणि दुसऱ्या बाजूला ‘कशाने साधायचे’ याची यादी असते. पहिले तत्त्व असे, की एक उद्दिष्ट साधण्यासाठी हात लावलेल्या साधनाने दुसरे उद्दिष्ट बिघडता कामा नये. त्यांचे आवडते उदाहरण नळाचे आहे. गरम आणि थंड पाण्याचे दोन वेगळे नळ असले तर पाण्याची धार वाढवायला गेले की तापमान बदलते, आणि तापमान जमवायला गेले की धार बदलते. एकाच दांड्याचा, वर-खाली केला की धार आणि डावीकडे-उजवीकडे फिरवला की तापमान बदलणारा नळ या दोन गोष्टी सुट्या करतो. पूर्ण सुटेपण नेहमी मिळत नाही; पण निदान एक ठरावीक क्रम पाळला तर गुंता होणार नाही, अशी रचना तरी साधावी. आपल्या विषयासाठी हा ‘क्रम पाळला तर’ हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

एमआयटीमध्येच डेव्हिड कॉक्रन आणि त्यांच्या गटाने १९९०च्या दशकात ही पद्धत संपूर्ण उत्पादन-प्रणालीला लावली आणि तिची ‘मॅन्युफॅक्चरिंग सिस्टिम डिझाइन डीकम्पोझिशन’ ही मांडणी केली. सर्वांत वर एकच उद्दिष्ट आहे : गुंतवणुकीवरचा दीर्घकालीन परतावा वाढवणे. ते तीन भागांत उलगडते : विक्रीचे उत्पन्न वाढवणे, उत्पादनाचा खर्च घटवणे, आणि प्रणालीच्या संपूर्ण आयुष्यात गुंतवणूक कमीत कमी ठेवणे. उत्पन्न वाढायचे तर माल ड्रॉइंगप्रमाणे हवा, वेळेवर हवा, आणि ग्राहक थांबायला तयार असेल तेवढ्याच काळात हवा. पुढे हे उद्दिष्टांचे झाड गुणवत्ता, अडचणी ओळखणे व सोडवणे, उत्पादनाचा अंदाज बांधता येणे, दिरंगाई कमी करणे आणि श्रमाचा खर्च अशा शाखांत पसरते, आणि शेवटी ‘ऑपरेटरला आपल्या कामाची पद्धत माहीत असणे’ इतक्या बारीक पातळीपर्यंत येऊन पोहोचते.

या शाखांचा डावीकडून उजवीकडे असलेला क्रम मनाला येईल तसा लावलेला नाही. गुणवत्ता डगमगती असेल तर पुढच्या स्टेशनला माल केव्हा मिळेल याचा भरवसा राहत नाही. भरवसा नसेल तर प्रत्येक जण आपल्यापुढे साठा करून ठेवतो. आणि साठा असताना दिरंगाई कमी करण्याचे सगळे प्रयत्न वाया जातात. म्हणून आधी गुणवत्ता, मग अडचणी लवकर कळण्याची सोय, मग अंदाज, मग दिरंगाई, आणि त्यानंतर श्रमाचा खर्च. प्रत्यक्षात बहुतेक सुधारणा मोहिमा शेवटून सुरू होतात. माणसे कमी करा, मग बाकीचे पाहू.

दिरंगाईचेही या मांडणीत प्रकार पाडले आहेत, आणि त्यांतला लॉटचा, म्हणजे एकत्र हलवल्या जाणाऱ्या गठ्ठ्याचा, हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आपल्या पंपाच्या बॉडीवर चार ऑपरेशन, प्रत्येकी दोन मिनिटांची, असे धरू. ६० नगांचा लॉट एका यंत्रावर पूर्ण करून ट्रॉलीने पुढच्या यंत्राकडे नेला, तर शेवटचा नग बाहेर पडायला ४८० मिनिटे लागतात. एकेक नग तयार होताच पुढे सरकवला, तर पहिला नग आठ मिनिटांत आणि साठावा १२६ मिनिटांत बाहेर येतो. यंत्रे तीच, माणसे तीच, कापण्याचा वेग तोच. फरक फक्त यंत्रे एकमेकांपासून किती दूर आहेत आणि माल किती मोठ्या गठ्ठ्याने हलतो याचा आहे. बोअर बिघडल्याचे दुसऱ्या स्टेशनवर कळले, तर पहिल्या पद्धतीत साठही नग संशयाच्या पेटीत जातात आणि दुसऱ्या पद्धतीत एखाद-दुसरा. शिवाय शॉपमध्ये एका वेळी २,२५० नग पडून असतील आणि रोज ४५० बाहेर जात असतील, तर आज आत आलेल्या कास्टिंगला बाहेर पडायला सरासरी पाच दिवस लागतात, हे जॉन लिट्ल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेल्या साध्या सूत्रावरून कळते. साठा मोजला की वेळ आपोआप मोजली जाते.

मग इतके उघड असूनही कारखाने उलटे का बांधले जातात? कॉक्रन यांचे उत्तर हिशेबाच्या वहीकडे बोट दाखवते. एका ऑपरेशनचा नगामागे खर्च काढताना थेट मजुरी धरली जाते आणि वरकड खर्च तिच्या प्रमाणात वाटला जातो. या सूत्राने पाहिले की ४० सेकंदांत ड्रिलिंग करणारे मोठे यंत्र नेहमीच जिंकते. ते दोन मिनिटांच्या ठोक्याला गरजेपेक्षा तिप्पट वेगाचे असते, म्हणून ते एकाच लाइनला देणे परवडत नाही. ते तीन उत्पादनांत वाटले जाते. तिन्हींमध्ये सेटअप, म्हणजे यंत्राची जुळणी, बदलायला वेळ जातो, म्हणून लॉट मोठे होतात. लॉट मोठे झाले की साठा, ट्रॉल्या, फोर्कलिफ्ट आणि मालाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर, हे सगळे मागोमाग येते. ड्रिलिंगचा नगामागचा खर्च खरोखरच कमी झालेला असतो आणि कारखान्याचा वाढलेला असतो. याऐवजी दोन मिनिटांच्या आतबाहेर चालणारी, साधी आणि लहान यंत्रे एका सेलमध्ये, म्हणजे एकाच उत्पादनासाठीच्या यंत्रांच्या गटात, जवळजवळ मांडली, जॉब संपताच ती आपणहून थांबतील अशी सोय केली, तर एक माणूस तीन-चार यंत्रे सांभाळू शकतो आणि मागणी घटली-वाढली तर सेलमधली माणसे कमी-जास्त करता येतात. टोयोटाच्या कार्यपद्धतीतील अनेक गोष्टी इथे ओळखीच्या वाटतील. फरक एवढाच, की या मांडणीत कोणती गोष्ट कोणत्या उद्दिष्टासाठी आहे याची साखळी दिसते, त्यामुळे कानबानची, म्हणजे माल मागवण्याची खूण करणारी, कार्डे छापली म्हणजे काम झाले, असा समज होत नाही.

सध्याची चर्चा

जर्मनीत २०११च्या हॅनोव्हर येथील औद्योगिक मेळ्यात ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द पुढे आला आणि २०१५मध्ये तिथे ‘रामी ४.०’ ही चौकट मांडली गेली. तिचे चित्र त्रिमितीय आहे. एका अक्षावर आयएसए-९५च्या जवळ जाणारी उतरंड आहे. तिच्या तळाशी खुद्द उत्पादित वस्तू आणि माथ्यावर बाहेरचे जोडलेले जग ही भर घातली आहे. दुसऱ्या अक्षावर आयुष्याचे टप्पे आहेत, त्यांत वस्तूचा नमुना आणि त्या नमुन्याचा प्रत्येक नग यांत भेद केला आहे. तिसऱ्या अक्षावर खऱ्या वस्तूपासून व्यवसायापर्यंत सहा थर आहेत. या चौकटीतून आलेली व्यावहारिक गोष्ट म्हणजे प्रत्येक यंत्राला किंवा नगाला जोडलेले ‘ॲसेट ॲडमिनिस्ट्रेशन शेल’, म्हणजे त्या वस्तूची सगळी माहिती ठरावीक रचनेत ठेवणारे डिजिटल कवच. एका कंपनीच्या यंत्राची माहिती दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला अनुवादकाविना वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांकडे अशी मागणी येईल तेव्हा हे समजून घ्यावे लागेलच. पण लॉट किती असावा आणि माणूस कुठे उभा असावा, याचे उत्तर या घनात शोधू नये. तो माहितीच्या मांडणीसाठी आहे.

जुन्या शेडमध्ये

वरच्या सगळ्या चौकटी वाचताना मोकळ्या प्लॉटवर नवा कारखाना बांधायचा आहे, असे वाटत राहते. बहुतेकांच्या वाट्याला मात्र हप्ते चालू असलेली यंत्रे आणि वीस वर्षांपूर्वी ओतलेले फाउंडेशन आलेले असते. तिथे आधी आज माल प्रत्यक्षात कसा फिरतो ते चालत जाऊन काढावे, कार्यालयात बसून नव्हे. त्या चित्रात काम आणि ते करणारे साधन वेगळे लिहावे, म्हणजे कोणते काम खरोखर लागते आणि कोणते केवळ यंत्र तिथे आहे म्हणून करावे लागते, हे सुटे होते. मग एकाच उत्पादन-कुटुंबापुरता हवा असलेला प्रवाह कागदावर मांडावा आणि त्यासाठी जी यंत्रे हलवता येतील तेवढीच हलवावीत. मोठे यंत्र हलवणे शक्य नसेल तर त्याचा सेटअप बदलण्याचा काळ तीन तासांवरून अर्ध्या तासावर आणणे हेही रचनेचेच काम आहे, कारण लॉटचा आकार त्यावर ठरतो. स्वयंचलनाची रेषा या टप्प्यावर पुन्हा एकदा आखावी लागते, आणि ती आखताना ऑपरेटर व मेंटेनन्सची माणसे बैठकीत असावी लागतात. गेज कुठे ठेवला तर हात वळवावा लागत नाही, हे त्यांना माहीत असते. यंत्राचे कोटेशन मागवायचे ते यानंतर, आणि त्यात स्पिंडलच्या वेगाइतक्याच ठळकपणे दोन गोष्टी लिहून द्यायच्या : या स्टेशनचा ठोका दोन मिनिटांचा आहे, आणि जॉब बदलायला किती मिनिटे लागतील ते पुरवठादाराने आमच्या फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावर) करून दाखवायचे आहे.